गोंदण आमचं, नावही आमचंच

कामावरून आला असाल, चुलीवर भात चढवला असेल, तर हात चालू ठेवूनच ऐका. मी शहापूर तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. माहेर मुरबाडचं, टोकावड्याच्या बाजूचं. एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ते आणि बँकेची कागदपत्रं यांवर बोलते. आज गोंदणावर बोलणार आहे. आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीवरही.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी मला एक फोन आला. मुंबईची एक चित्रकार मुलगी बोलत होती. म्हणाली, "ताई, तुमच्याकडे गोंदलेल्या बायका मिळतील का? वयस्कर असतील तर बरं. मला त्यांची चित्रं काढायची आहेत. तीन-चार तास समोर बसावं लागेल." बोलणं नम्र होतं. मी प्रभागसंघाच्या बैठकीला निघाले होते, आसनगाव स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत होते. घाईत म्हटलं, "मिळतील की!" आणि तिथंच उभ्या उभ्या तीन नावं सांगितली. कुठला पाडा, कुठलं घर, सगळं सांगितलं. दोन आज्या आमच्या गटातल्या, तिसरी माझी सख्खी आत्या.

रिक्षात बसल्यावर तो शब्द कानात राहिला. मिळतील का? बाजारात भेंडी मिळते, जत्रेत घोंगडी मिळते. बाई मिळते का? आणि त्या मुलीला तरी काय बोलायचं, मीच म्हणाले होते, मिळतील की.

दोन दिवसांनी डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, मग मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मुंबईहून चित्रकार येणार आहे. ज्यांचं नाव मी दिलं होतं त्या आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पानाची चंची बाजूला ठेवली आणि विचारलं, "माझं नाव तू कोनाला इचारून दिलंस?"

मी म्हटलं, "आजी, काम चांगलं आहे."

"काम चांगलं असंल. मी इचारलं काय आन् तू सांगतंस काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आजींचा राग आजचा नव्हता. खूप वर्षांपूर्वी त्या डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होत्या. रस्त्यावर गाडी थांबली, एकाने फोटो काढला, गाडी निघून गेली. त्यानंतर काही वर्षांनी त्यांचा भाचा एका कार्यालयात दाखला काढायला गेला. तिथे भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये आजी! कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे ठिपके, सगळं स्पष्ट. खाली लिहिलेलं, 'आदिवासी स्त्री'. भाच्याने घरी येऊन सांगितलं. आजी म्हणाल्या, "मला नाव नव्हतं काय? इचारलं असतं तर सांगितलं असतं. तोंड माझं घेतलं आन् नाव टाकून दिलं."

मैत्रिणींनो, तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, त्याचं मोजमाप तरी होतं. आपले चेहरे किती गेले त्याची नोंद कुठेच नाही. आणि त्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे. प्रशिक्षण झालं की काढ फोटो, हळदीकुंकू झालं की काढ फोटो, टाक अहवालात. ते फोटो पुढे कुठे जातात हे मी कधी तुम्हाला सांगितलं नाही, आणि स्वतःलाही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. खरं ते सांगितलं. "मी नावं दिली, पण त्या बायकांना विचारलं नव्हतं. आधी या, भेटा. रंग आणू नका." ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरोबर आहे ताई. तशीच येते."

ती आली. बैठकीत खाली सतरंजीवर बसली. तिच्या मनगटावर एक छोटा पक्षी गोंदलेला होता, मशीनने काढलेला. बायांनी लगेच हात धरला. कोणी काढला? किती घेतले? रडलीस का? आजी पण सरकून पुढे आल्या. त्यांनी पक्ष्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो कशापायी काढलास?"

ती म्हणाली, "आवडला म्हणून, आजी."

आजी हसायला लागल्या. "आवडला म्हनून! आमाला कोनी इचारलं होतं, आवडतं का म्हनून?"

मग आज्यांनी सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी, कुठल्याही घरातली सत्तरीच्या पुढची बाई घ्या, तिच्या अंगावर काही ना काही असतंच. कपाळावर चंद्रकोर नाहीतर टिकली, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, मोर, चांदणी. गोंदणारीण पाड्यावर यायची, नाहीतर जत्रेत बसायची. चार-पाच सुया दोऱ्याने एकत्र बांधायची, काजळीत पाल्याचा रस कालवायची आणि टोचायला बसायची. वर हळद लावायची. पैसे नसले तर पसाभर तांदूळ घेऊन जायची. आज्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. कोणाचे हात आईने धरले होते, कोणाचे पाय आजीने. "बोंबलून बोंबलून घसा बसला," असं एक जण म्हणाल्या. सगळ्यांना एकच सांगितलं होतं, बिनगोंदलेली बाई वर गेली की देव विचारतो, काय घेऊन आलीस? सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं.

ते ऐकताना मला एक गोष्ट कळली. अंगावर काढलं तेव्हा ह्या बायांना कोणी विचारलं नाही. फोटो काढला तेव्हा विचारलं नाही. नाव दिलं तेव्हा मीही विचारलं नाही. म्हणजे ह्या तोंडाबद्दल 'चालेल का गं तुला' हा प्रश्न त्यांना सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकायला मिळत होता.

गटाने त्या दिवशी वाद घातला. एक म्हणाली, रोजी मिळते तर काय वाईट? एक म्हणाली, शेतावर रोजी मिळते ती कामाची, इथे तोंडाची. तिसरी म्हणाली, बसून राहणं पण कामच आहे, कंबर मोडते. शेवटी ठराव झाला आणि प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला. जी बसेल तिला शेतावरची पूर्ण दिवसाची रोजी. चित्राखाली तिचं नाव, तिला हवं तसं. चित्राची एक प्रत तिच्या घरी. चित्र दुसऱ्या कामाला वापरायचं असेल तर पुन्हा विचारायचं. आणि जी नको म्हणेल तिला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. खाली त्या मुलीने सही केली.

आजींनी काय केलं? त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला बोलायला आवडलं. बसायला नको." ठरावाप्रमाणे कोणी आग्रह केला नाही. तेही वहीत लिहिलंय. दुसऱ्या आजी मात्र नवं लुगडं नेसून बसल्या.

मग आम्ही माझ्या आत्याकडे गेलो. किन्हवलीवरून सरळगावला, तिथून टोकावड्याची एसटी. आत्याला मी या वेळी आधी विचारलं होतं. तिने ओटीवर पाट मांडला आणि बसली. दोन तास झाल्यावर म्हणाली, "दाव बघू." चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हनुवटीवर तीन ठिपके हायत. तू दोनच काढलेस. मधला पुसट झाला म्हनून सोडलास काय?" मुलीने जवळ येऊन पाहिलं. खरंच तीन होते. तिने तिसरा काढला.

मग आत्याने कपाळावर बोट ठेवलं. "हे नीट काढ. तुझा मामा वारला तवा ह्यांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हे पुसायची कोनाची टाप नव्हती." मामा म्हणजे तिचे यजमान. मी चाळीस वेळा आत्याच्या घरी राहिलेय, हे मला ठाऊक नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला, तेव्हा मी तुम्हाला इथूनच सांगितलं होतं. माझ्या आत्याच्या कपाळाने तो ठराव त्याच्या कितीतरी आधी पाळला होता.

आता तुम्ही म्हणाल, एका चित्रासाठी एवढे नियम कशाला? म्हणून दोन बाहेरच्या गोष्टी सांगते.

एक न्यूझीलंडची. क्रिकेटमुळे आपल्या पोरांना तो देश माहीत आहे. तिथले मूळ रहिवासी माओरी. त्यांच्याकडे चेहऱ्यावर गोंदायची रीत आहे, बायका हनुवटीवर गोंदतात. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी ऑकलंड शहरात चार्ल्स गोल्डी नावाचा चित्रकार होता. पॅरिसला शिकून आलेला. त्याला गोंदलेल्या म्हाताऱ्या माणसांची चित्रं काढायची होती. इना ते पापाताही नावाची एक माओरी बाई त्याच्यापुढे अनेकदा बसली, आणि तिनेच त्याची ओळख दुसऱ्या वृद्धांशी करून दिली. म्हणजे आपल्या भाषेत ती त्याची समन्वयक! गोल्डी बसणाऱ्यांना पैसे देत असे. पण त्या काळच्या गोऱ्या लोकांना वाटायचं की माओरी आता संपत चालले, म्हणून गोल्डीच्या चित्रांत बरेच जण उदास, मान खाली घालून बसलेले, जणू काही शेवटचेच. ते खोटं ठरलं. माओरी वाढले, त्यांची भाषा पुन्हा शिकवली जाऊ लागली, हनुवटीवरचं गोंदण परत आलं. २०२० मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या ननाया महुता यांच्या हनुवटीवर ते गोंदण आहे.

गोल्डीचं काय बरोबर झालं? त्याने नावं लिहून ठेवली. म्हणून आजही माओरी लोक त्या चित्रांकडे आपले पूर्वज म्हणून पाहतात, मान देतात. ही अमक्याची पणजी, हा तमक्यांचा म्हातारा, असं सांगता येतं. आमच्या आजींच्या फ्रेमखाली 'आदिवासी स्त्री' लिहिलंय. त्यांच्या पणतीला उद्या ते कसं सापडणार?

दुसरी गोष्ट फिलिपाइन्सची. तिथे डोंगरातल्या कलिंगा भागात वांग-ओड नावाच्या आजी आहेत, गोंदणारीणच. काटा आणि काजळी वापरून गोंदतात. वयाची शंभरी ओलांडली आणि २०२३ मध्ये एका मोठ्या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आला. पण त्याआधी २०२१ मध्ये वाद झाला होता. इंटरनेटवर शिकवण्या चालवणाऱ्या एका कंपनीने वांग-ओड आजींच्या नावाने गोंदणाचे वर्ग जाहीर केले. आजींच्या भावंडाची नात म्हणाली, हा करार आजींना कळलेलाच नाही. कंपनीने काय दाखवलं असेल? आजी कागदावर अंगठा देतानाचा व्हिडिओ! पुढे गवगवा झाला आणि ते वर्ग मागे घ्यावे लागले.

बायांनो, अंगठा आणि होकार यात फरक आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा दिला की काय होतं ते आपण सोसलंय. चित्राच्या आणि फोटोच्या कागदालाही तोच नियम.

कायद्याचं पण थोडं ऐका. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार कोणी आपणहून येऊन तुमचं चित्र काढलं किंवा फोटो काढला, तर साधारणपणे त्याचा हक्क काढणाऱ्याचा असतो, बसणाऱ्या बाईचा नसतो. तुम्ही स्वतः पैसे देऊन काढून घेतलं तर गोष्ट वेगळी. म्हणून जे ठरवायचं ते आधी ठरवायचं आणि लिहून घ्यायचं. चित्र पूर्ण झाल्यावर भांडून हाती फार काही लागत नाही. शिवाय आपला शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांतल्या ग्रामसभेला आपल्या रूढी आणि आपली सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार दिलेला आहे. कोणी मोठा कॅमेरा घेऊन पाड्यावर आलं तर "आधी ग्रामसभेला सांगा" असं म्हणायला घाबरू नका. रस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढणाऱ्याला तर कोणतीही बाई हात आडवा करू शकते.

तेव्हा कोणी आलं की पाच प्रश्न विचारायचे. हाताच्या पाच बोटांवर ठेवा. अंगठा: कशासाठी काढता? पहिलं बोट: कुठे लावणार, कुठे छापणार? मधलं: माझं नाव कसं लिहिणार? चौथं: माझ्या वेळेचं काय देणार? करंगळी: मला प्रत कधी मिळणार? पाचही उत्तरं मिळाली आणि मन म्हणालं तरच बसायचं. मन नको म्हणालं तर पाचही उत्तरं बरोबर असली तरी उठायचं. लहान मुलामुलींचा फोटो तर आईबापाला विचारल्याशिवाय कोणी काढायचा नाही, मी सुद्धा.

येणारा प्रत्येक जण वाईट नसतो, हेही सांगते. ती मुलगी आली म्हणून मला माझ्या आत्याचं कपाळ कळलं. तिच्याशी बोलताना आमच्या पोरींनी पहिल्यांदा विचारलं, आजी, ह्या विंचवाचा अर्थ काय? एक नववीतली मुलगी तर आजीचा हात वहीवर ठेवून बाजूने पेन्सिल फिरवत बसली.

त्यावरूनच आम्ही गटात एक काम सुरू केलंय, 'गोंदण वही'. एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक आजीला दोन पानं. एका पानावर पोरी तिच्या हातावरचं, कपाळावरचं गोंदण काढतात. दुसऱ्या पानावर लिहितात: नाव, माहेर, कोणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, कोणी हात धरले होते, काय दिलं. एका आजींचं म्हसाच्या जत्रेतलं निघालं, पौष पौर्णिमेला बापाच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या, बैल घ्यायला. बैल मिळाला नाही, विंचू गोंदून आल्या. वही गटाच्या पेटीत, हिशोबाच्या वह्यांसोबत राहते. आणि ज्या आजी चित्राला बसल्या नाहीत त्यांनी वहीला मात्र हात दिला. म्हणाल्या, "ही वही आपली हाय."

ह्यातून पुढे काही उभं राहील का? राहू शकतं. बिहारमध्ये मधुबनी जिल्ह्यातल्या जितवारपूर गावात दुसाध समाजाच्या चानो देवी होत्या. १९७० नंतरच्या काळात एरिका मोझर नावाची जर्मन अभ्यासक तिथे आली आणि तिने ह्या बायांना चित्रं काढायला सुचवलं. चानो देवींनी अंगावरचं गोंदण कागदावर उतरवलं. आज त्याला गोदना शैली म्हणतात आणि त्या गावातल्या कितीतरी बाया त्यावर घर चालवतात. बाहेरची बाई आली, पण चित्र काढणारा हात तिथल्या बाईचाच राहिला. आपल्या गटातल्या पोरींनी पिशव्या, पापडाची पाकिटं, राख्या यांवर आज्यांचे नमुने काढले तर? पण तेव्हाही आजीला विचारायचं आणि खाली आजीचं नाव लिहायचं. घरातली म्हणून सूट नाही.

जाता जाता तब्येतीचं एक. आज्यांचं बघून पोरींना गोंदायची हौस येतेय. हौस करा, पण जत्रेत मशीनवाला एकाच सुईने दहा जणांना गोंदत असेल तर हात पुढे करू नका. त्यातून कावीळ आणि एचआयव्हीसुद्धा होऊ शकतो. तुमच्यासमोर नवी सुई फोडली पाहिजे, नवी शाई ओतली पाहिजे. आणि प्रियकराचं नाव गोंदण्याआधी वर्षभर थांबा, एवढं मोठी बहीण म्हणून सांगते.

आत्याच्या चित्राची प्रत दिवाळीत आली. मीच टोकावड्याला घेऊन गेले. तिने भिंतीवर लावली नाही, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवली. आधी मात्र खालचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या मुलीने सासरचं आडनाव लिहायचं की माहेरचं, असं विचारलं होतं, तेव्हा आत्याने दोन्ही सांगितली होती. दोन्ही होती. मग तिने हनुवटीवरचे ठिपके मोजले. तीन.

आता तुम्हाला काम. पुढच्या बैठकीत बचत झाली की आपल्या गटातल्या सर्वांत वयस्कर बाईच्या शेजारी जाऊन बसा. आधी विचारा, "आजी, विचारू का?" हो म्हणाल्या तर पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात करा. नको म्हणाल्या तर चहा पाजा आणि गप्प बसा.

येते. भात करपायच्या आत उतरवा. नमस्कार!